स्वास्थ्य, समाज आणि साधनाची भाकरी

विद्यापीठाला एके दिवशी शोध लागला, की आपले पीएच.डी.चे विद्यार्थी आनंदात नाहीत. (त्या वर्षी विद्यापीठात लागलेला हा एकमेव शोध, असं काही खवचट लोक म्हणाले. आपण तसं म्हणणार नाही.) शोध लागल्यावर समिती नेमली गेली. समितीनं चहा घेतला, पेढे खाल्ले आणि 'संशोधक-स्वास्थ्य व समाज-सहभाग लघु अनुदान योजना' जाहीर केली. विद्यार्थ्यानं स्वतःच्या मनाला बरं वाटेल असा एखादा छोटा उपक्रम सुचवायचा, आसपासच्या समाजाला त्यात ओढायचं, आणि खर्च विद्यापीठानं द्यायचा. अनुदान लघु होतं, नियम तेवढे दीर्घ होते. त्यातला पहिला नियम असा, की अर्जावर गाईडची सही पाहिजे. म्हणजे मनःस्वास्थ्य ज्याच्यामुळं गेलं, त्याच्याच दारात जाऊन ते परत मागायचं.

धारवाडजवळच्या केलगेरीला राहणाऱ्या श्रीकांतनं ही नोटीस मोबाईलवर वाचली, तेव्हा अर्ज करावा असं त्याच्या मनातही नव्हतं. त्याला चहा हवा होता. पण त्याची बायको साधना अजून शाळेतून आली नव्हती, त्यामुळं चहा होण्याची काही शक्यता नव्हती. हाताशी वेळ होता. म्हणून त्यानं अर्ज भरायला घेतला. मोठी संकटं अशीच येतात, चहा वेळेवर न मिळाल्यामुळं.

श्रीकांतबद्दल थोडं सांगायला हवं. हुबळीच्या बाजारात पिढीजात साड्यांचं दुकान असलेल्या घरातला हा धाकटा मुलगा. थोरला भाऊ गादीवर बसला आणि धाकटा ज्ञानाच्या मागे लागला. ज्ञान पुढं, श्रीकांत मागं, अशी ही शर्यत इतकी वर्षं चालली होती, की त्याच्याबरोबर नाव नोंदवलेले लोक आता त्याच विद्यापीठात परीक्षक म्हणून यायला लागले होते. घर चालायचं साधनाच्या पगारावर. ती हुबळीत, लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत गणित शिकवायची. सकाळी बसनं जायची आणि संध्याकाळी परत येताना कमरीपेठेत उतरून सासूला भेटून यायची. रोज. एक दिवस चुकवायची नाही. "आजच्या काळात सासूला रोज भेटणारी सून दाखवा मला," असं श्रीकांत मित्रांना छाती फुगवून सांगायचा. मित्रांना खरोखरच दाखवता यायची नाही.

आणि त्याच्या प्रबंधाचा विषय? 'हुबळी-धारवाडच्या घरगुती स्वयंपाकातील स्त्रीश्रम आणि त्याची अदृश्यता.' हसू नका. विषय चांगला आहे.

या प्रबंधातला चौथा चॅप्टर म्हणजे श्रीकांतच्या गळ्यातला ताईत. त्याचं नाव 'सासूकडून सुनेकडे: भाकरीच्या ज्ञानाचा वारसा'. त्यात एक 'सहभागी एस.' येते, जी रोज संध्याकाळी शाळेतून दमून आल्यावर ज्वारीच्या भाकरी थापते. एस. कोण, हे काही फार मोठं गुपित नव्हतं. संशोधनाची पद्धत होती सहभागी निरीक्षण. सहभाग असा, की श्रीकांत हॉलमध्ये, स्वयंपाकघराकडे पाठ करून, टेबलाशी बसायचा, कानावरचा हेडफोन काढायचा आणि ऐकायचा. आतून थापण्याचा आवाज यायचा. मग थोड्या वेळानं ताटात गरम भाकरी यायची. यातून त्यानं जो निष्कर्ष काढला, तो कुणीही काढला असता असं त्याला अजूनही वाटतं.

अर्जात त्यानं लिहिलं: 'भाकरी थापण्यातून संशोधकांच्या मनावरील ताणाचे निवारण.' रविवारी त्याच्या घरी पीएच.डी.वाले जमणार, साधना त्यांना भाकरी शिकवणार, सगळे मिळून पीठ थापणार आणि ताण परातीत उतरणार. कम्युनिटी पार्टनर या रकान्यात त्यानं टाकलं: 'पारंपरिक भाकरीतज्ज्ञ, सौ. साधना.' तिला विचारायचं राहिलं. (समाजाला सामील करून घ्या, असं योजनेत म्हटलं होतं. समाजाला विचारा, असं कुठं म्हटलं नव्हतं.)

श्रीहर्ष सर म्हणजे त्याचे गाईड. अस्सल धारवाडकर. घरात कन्नड, बाहेर मराठी आणि रागवायला इंग्रजी. अर्ज घेऊन श्रीकांत गेला, तेव्हा ते मराठीत बोलले, त्यामुळं त्याला धीर आला.

"श्रीकांत, तुमचा चॅप्टर फोर मी वाचला हं."

"हो सर?"

"त्यात तुम्ही लिहिलंय, की भाकरी थापताना तुमच्या मिसेसच्या हाताला सोळा मात्रांचं आवर्तन असतं. समेवर ठोका जोरात पडतो."

"हो सर. मी अनेकदा मोजलंय. लोकपरंपरेत दडलेली लय आहे ती."

सरांनी चष्मा काढला. ते गाणं ऐकणारे गृहस्थ होते. "माझी आई जन्मभर रोट्टी थापत होती. तिची एक सम मला कधी सापडली नाही. तर असं करूया. मी रविवारी तुमच्याकडे येतो. मला हे ऐकायचंय. तुमच्या मुदतवाढीचा कागद माझ्या टेबलावर आहे, तो शेवटचा, यानंतर नियमात जागा नाही. चॅप्टर फोर खरा आहे एवढं माझ्या कानांना पटलं, की सोमवारी सही."

"आणि नाही पटलं तर, सर?"

"दुकान आहे ना तुमचं?" सर मायेनं म्हणाले.

अनुदान मंजूर झालं. मंजूर झालेला तो एकटाच अर्ज होता, कारण आलेला तो एकटाच होता. बाकीच्या विद्यार्थ्यांना ताणामुळं अर्ज भरायला झालं नव्हतं.

बातमी त्यानं साधनाला जेवताना दिली. "आपल्याला अनुदान मिळालं!"

"आपल्याला?" साधनाचा हात थांबला. गणिताच्या बाई होत्या त्या, अनेकवचन त्यांच्या लगेच लक्षात आलं.

त्यानं सगळं समजावून सांगितलं. सर येणार, सही होणार. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "अहो, मला भाकरी येत नाही."

श्रीकांत खुशीत हसला. "हेच! हेच मी म्हणतोय! बायका स्वतःच्या कौशल्याला कौशल्यच समजत नाहीत. चॅप्टर दोन."

"अहो, ऐका तरी. मी भाकरी करतच नाही."

"बरोबर. तू ती करत नाहीस, ती तुझ्याकडून होते." हे वाक्य त्याला इतकं आवडलं, की उष्ट्या हातानं तो ते लिहून ठेवायला उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साधना त्याच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. त्याच्या कानावरचा हेडफोन तिनं स्वतःच्या हातानं काढला आणि वर्गात ढ मुलाला सांगतात तसं एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "आपल्या घरात येणाऱ्या भाकरी मी केलेल्या नसतात."

श्रीकांतचे डोळे भरून आले. "माहीत आहे मला. तुझ्या हातातून तुझी आजी थापत असते, तिची आजी थापत असते. परंपरा हीच असते गं."

साधनानं हेडफोन परत त्याच्या कानावर नीट बसवला, स्वयंपाकघरात गेली आणि कुणाला तरी फोन लावला. "हो, रविवारी. केलगेरीला या. हो, बरीच माणसं आहेत. जेवायला काहीतरी लागेलच ना त्यांना."

रविवार उजाडला. श्रीकांतनं हॉलमधलं फर्निचर भिंतीला लावलं, स्वयंपाकघराच्या दाराशी साधनासाठी पाट मांडला आणि दारावर योजनेचा फलक लावला. कमरीपेठेहून आई, वत्सलाबाई आल्या. त्यांना त्यानं मुद्दाम बोलावलं होतं, कारण 'सासूकडून सुनेकडे' म्हटल्यावर सासू दाखवायला नको? त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या आणि पान जुळवायला लागल्या. मग संशोधक आले. सगळ्यांचे चेहरे रंग उडालेले. त्यात रसायनशास्त्राचा लोकेश होता, भूगोलाची आरुषी होती आणि आणखी चारदोन जण होते, जे फक्त जेवण आहे असं ऐकून आले होते. शेवटी श्रीहर्ष सर आले. ते भिंतीला टेकून, डोळे मिटून, मैफलीला बसावं तसे बसले.

"तर मित्रहो," श्रीकांतनं सुरुवात केली, "आज आपण ताण विसरणार आहोत. साधना, कर सुरू."

साधनानं परातीत पीठ घेतलं. पिठावर माठातलं गार पाणी ओतलं.

वत्सलाबाईंनी पान तोंडात टाकता टाकता थांबून पाहिलं, आणि मग टाकलं.

"बघा," श्रीकांत म्हणाला, "लोक आधणाचं पाणी घेतात. पण हिचा अनुभव एवढा, की पाणी कसलंही चालतं."

पिठाचा गोळा होईना. झाला, तो फुटला. साधनानं तो पुन्हा एकत्र केला आणि थापायला घेतला. त्याला सगळीकडून चिरा पडल्या.

"या चिरा मुद्दाम असतात," श्रीकांत म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. "वाफेला वाट मिळते त्यातून. चॅप्टर चार, भाग दोन."

"अण्णा, पण ही गोल नाही की री," लोकेश हळूच म्हणाला.

आरुषी पुढं वाकून निरखत होती. भूगोलाची मुलगी, तिला राहवेना. "हा तर उत्तर कर्नाटकाचा नकाशा झालाय. ही खाली तुंगभद्रा. हे आपलं धारवाड."

"मग बेळगाव कुठल्या बाजूला गेलं?" लोकेशनं विचारलं.

"ते परातीलाच चिकटलंय," साधना म्हणाली. "कुठल्याच बाजूला जायला तयार नाही."

उरलेला नकाशा तिनं उचलला. तव्यावर पोचेपर्यंत त्याचे तालुके सुटे झाले. साधनानं हात झटकले आणि मांडीवर ठेवून शांत बसून राहिली.

नेमक्या त्याच वेळी स्वयंपाकघरातून थाप ऐकू आली. धप्. धप् धप्. मग एका लयीत, सलग, जोरकस.

सगळ्यांनी साधनाच्या हातांकडे पाहिलं. हात मांडीवर होते.

श्रीहर्ष सरांनी डोळे उघडले नाहीत. ते बोटांच्या पेरांवर मोजत होते. एक आवर्तन झालं, दुसरं झालं. समेला त्यांची मान बरोबर हलली. "सोळा," ते म्हणाले. "चोख सोळा. श्रीकांत, तीनताल आहे हा. भाकरी शेजारी होतेय."

"तो कृष्णा आहे," साधना म्हणाली. "भिंतीपलीकडं राहतो. संध्याकाळी रियाज असतो त्याचा, रविवारी दुपारीसुद्धा. तबला शिकतो."

धारवाडात दगड मारला तर तो गाणाऱ्याला लागतो किंवा वाजवणाऱ्याला, हे श्रीकांतला लहानपणापासून माहीत होतं. आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडंही कुणीतरी असेल, हे त्याच्या संशोधनाच्या कक्षेत आलं नव्हतं. तो खुर्ची शोधायला लागला. खुर्च्या त्यानंच भिंतीला लावून वर सामान रचलं होतं.

एवढ्यात दारात एक बाई आली. डोक्यावर मोठी पाटी, पाटीवर धुवट पांढरं फडकं, फडक्यातून वाफ.

"साधनक्का, घ्या री. अजून गरम आहेत. रोज तुम्हीच येतासा न्यायला, आज मी आले." तिनं पाटी खाली ठेवली आणि वत्सलाबाईंना बघून तोंडभर हसली. मग तिचं लक्ष परातीकडं गेलं. "अय्यो! हे काय सांडलं म्हणायचं?"

"दुर्गव्वा," साधनानं सगळ्यांना ओळख करून दिली. "कमरीपेठेत यांचं भाकरीचं केंद्र आहे. आपल्या घरी रोज येतात त्या यांच्याच. मी फक्त तव्यावर गरम करते." मग ती नवऱ्याकडं वळली. "हेच मी तुम्हाला सांगत होते. तीनदा सांगितलं. तुम्ही एकदा चॅप्टरचा नंबर सांगितलात, एकदा स्वतःचंच वाक्य लिहून ठेवलंत आणि एकदा रडलात."

रोज सासूला भेटणाऱ्या सुनेचं चित्र श्रीकांतच्या डोळ्यांसमोरून सरकलं. तिच्या हातात आता एक डबा दिसायला लागला होता. डबा पहिल्यापासूनच होता. आणि मग त्याला खरोखर वाईट वाटलं. बायकांच्या न दिसणाऱ्या कष्टांवर त्यानं शेकडो पानं लिहिली होती, आणि दिवसभर फळ्यापुढं उभं राहून दोन बस बदलून येणाऱ्या या बाईकडं मान वळवून पाहायला त्याला एकदाही झालं नव्हतं. नुसती मान वळवायची होती. खुर्ची फिरती होती.

भिंतीपलीकडं तीनताल चालू होता. आणि मग कोण आधी हसलं ते कळलं नाही, पण लोकेश गुडघ्यांवर डोकं ठेवून हसत होता, आरुषीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि जेवायला आलेले चारदोन जण भिंत धरून उभे होते. इतकी वर्षं ही माणसं हसली नव्हती. हसता हसता लोकेश म्हणाला, "मी तरी काय करायलोय, अक्का? घरात लॅबला जातो म्हणून सांगतो आणि केलगेरीच्या तळ्यावर जाऊन बसतो. बदकं ओळखतात मला." आरुषीनं कबूल केलं, की गाईडचा फोन आला की ती स्वतःच्याच आवाजात 'आप जिस व्यक्ति से संपर्क करना चाहते हैं' म्हणते. आणि श्रीहर्ष सरांनी, दुर्गव्वाच्या भाकरीवर झुणका वाढून घेत, हळूच सांगितलं, की त्यांचा स्वतःचा प्रबंध छापून आल्यापासून त्यांनी उघडलेला नाही. "भीती वाटते री. चुका दिसल्या तर?"

सगळे मनापासून जेवले. सगळ्यांच्या चेहऱ्यांवर रंग आला. योजना शंभर टक्के यशस्वी झाली होती. सबंध हॉलमध्ये ज्याचं स्वास्थ्य बिघडलं असा एकच माणूस होता, तो म्हणजे अनुदान मिळवणारा.

बुडत्या माणसानं शेवटी आईकडं धाव घेतली. "आई, निदान तू तरी हिला शिकवायचं होतंस! तुझ्या हातच्या भाकरी खाऊन मी मोठा झालो!"

"शिकवलं की रे," वत्सलाबाई पान सावकाश चघळत म्हणाल्या. "लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात हिला दुर्गव्वाचं घर दाखवलं. म्हटलं, बाई गं, दुकानाला जाणारी माणसं, सगळ्यांना वेळेवर जेवायला पाहिजे. भाकरी थापत बसू नकोस, इथून ने."

"म्हणजे... तुझ्या भाकरी?"

"माझ्या कुठल्या? ह्या दुर्गव्वाच्या सासूच्या." वत्सलाबाईंच्या आवाजात जुन्या दिवसांची माया होती. "मलाही माझ्या सासूबाईंनीच दाखवलं होतं ते घर."

श्रीकांत परातीशेजारी जमिनीवरच बसला. समोर बेळगाव अजून चिकटलेलंच होतं.

जेवण झाल्यावर श्रीहर्ष सर निघाले. दारात त्यांनी चपला घातल्या आणि श्रीकांतच्या खांद्यावर हात ठेवला. इंग्रजीत बोलतील या भीतीनं त्यानं डोळे मिटले. पण सर मराठीतच बोलले.

"चॅप्टर फोरचं नाव काय म्हणालात? 'सासूकडून सुनेकडे: भाकरीच्या ज्ञानाचा वारसा'. तेवढं ठेवा. तेवढं अगदी बरोबर आहे. खालचं सगळं खोडा आणि नव्यानं लिहा. बघून लिहा. उद्या या, सही देतो. बाकीचे तीन चॅप्टर चांगले आहेत म्हणून देतोय, हे लक्षात असू दे."

म्हणजे प्रबंध बचावला होता! एक चॅप्टर गेला, पण तीन शाबूत होते. संध्याकाळपर्यंत श्रीकांतच्या जीवात जीव आला. माणसं गेली, आईला बसमध्ये बसवून दिलं. साधना दमून हॉलमध्ये पाय पसरून बसली होती. श्रीकांतच्या मनात आलं, आज आपण हिच्यासाठी काहीतरी करू. दुर्गव्वाच्या उरलेल्या भाकऱ्या आपण गरम करून हिला वाढू. या विचारानंच त्याला इतकं भरून आलं, की तो छाती पुढं काढून स्वयंपाकघरात शिरला, मध्यभागी उभा राहिला आणि चारी बाजूंना पाहू लागला.

"साधना," थोड्या वेळानं त्यानं आतून विचारलं, "तवा कुठं असतो गं?"

"चॅप्टर तीनमध्ये बघा," साधना डोळे न उघडता म्हणाली. "आपल्या स्वयंपाकघराचा नकाशा काढलाय ना तुम्ही त्यात."

हे बाकी खरं होतं. 'स्वयंपाकघराची रचना आणि स्त्रीच्या हालचाली' या तिसऱ्या चॅप्टरमध्ये त्यानं मोजमापांसकट नकाशा काढला होता, आणि तो सरांना फार आवडला होता. श्रीकांतनं लॅपटॉप आणून ओट्यावर ठेवला आणि नकाशा उघडला. ओट्याखाली, उजव्या हाताला, खालचा कप्पा: तवा, पोळपाट, परात. त्यानं खात्रीनं उजवीकडं वाकून दार ओढलं.

आत गॅसचं सिलिंडर होतं.

तो वाकलेला तसाच राहिला. पलीकडं कृष्णानं संध्याकाळचा रियाज सुरू केला. सही उद्या होती. श्रीकांतनं दार अलगद लावून घेतलं, लॅपटॉप मिटला आणि दोघांसाठी दोन गार भाकऱ्या ताटात घेऊन बाहेर आला.

"गरम नाही केल्या?" साधनानं विचारलं.

"नाही," श्रीकांत म्हणाला. "चॅप्टर तीनसुद्धा गेला."